चित्राखालची काच

५ मार्च

वन्सं,

पत्र बघून दचकू नका, माणसं सगळी धडधाकट आहेत. फोन घरात एकच, आणि तो ह्यांच्या खिशात. शिवाय ह्यांच्यासमोर तुम्हाला काही विचारलं की "तुला काय करायचंय" हे ठरलेलं. म्हणून लिहायला बसले.

गाडीची समोरची काच गेली. फुटून पडली नाही, पण डाव्या कोपऱ्यातून भेग निघाली ती थेट ह्यांच्या डोळ्यांसमोर येऊन थांबली आहे. काल पहाटे पेशंटना आणायला निघाले होते. गारठा होता, काचेवर वाफ धरली म्हणून गरम हवा लावली. पुढं खडीचा ट्रक. टक्‌ असा आवाज आला आणि भेग पळत सुटली. "मी बघतोय आणि ती चाललीय," असं हे सांगत होते. जेवले नाहीत.

हॉस्पिटलच्या गाड्यांचं बघणारे कारकून आहेत, ते म्हणाले, "या काचेतून तुम्हाला रस्ता दिसेल हो, पण मला माझी नोकरी दिसत नाही." डायलिसिसचे पेशंट अशा गाडीत घालायचे नाहीत. महिनाअखेरची मुदत दिली आहे. एक तारखेला नवा करार. काच नाही तर करार नाही. तोवर हे एका ओळखीच्याची गाडी भाड्यानं घेऊन फेऱ्या करतायत. सगळी मिळकत त्या भाड्यात जाते आणि हे रिकाम्या हातानं, दुखऱ्या पाठीनं घरी येतात.

माझ्यापुढं दोन कागद आहेत. एक पॉलिसी, तुमच्याच कंपनीची, जानेवारीत तुम्ही रजेवर आला होतात तेव्हा करून दिलेली. दुसरं गॅरेजवाल्याचं वॉरंटीचं कार्ड. दोन वर्षांपूर्वी ही काच त्यानं बसवली तेव्हाचं. त्यावर 'आजीवन' लिहिलंय. कुणाच्या आयुष्यभर, काचेच्या की आमच्या, ते लिहिलेलं नाही. मॅट्रिकपर्यंत शिकले, अक्षरं सगळी ओळखीची वाटतात, पण ती एका ओळीत बसली की परक्यासारखी वागतात. तुम्ही वीस वर्षं क्लेमच्या टेबलावर बसताय. दोन्हींतलं कोण काच देईल, तेवढं सांगा.

देव तुम्हाला सुखात ठेवो.

तुमची वहिनी


९ मार्च

वहिनी,

तुझं पत्र ऑफिसात आलं. शिपाई म्हणाला, "मॅडम, हल्ली तुम्हालाच हातानं लिहिलेलं येतं." इथं दिवसभर लोकांची फुटकी गाडी, फुटकं नशीब ऐकायचं आणि घरी जाऊन भिंतीकडं बघायचं. तुझं अक्षर बघून बरं वाटलं. आत काच निघाली, ती गोष्ट वेगळी.

नीट वाच. विमा असतो बाहेरून झालेल्या घावाचा: खडा लागला, झाड पडलं, कुणी ठोकलं. वॉरंटी असते आतल्या दोषाची: काच बसवताना चूक झाली, कडेनं पाणी झिरपतंय, किंवा काही न लागता काच आपली आपण तडकली. 'आजीवन' म्हणजे गाडी दादाच्या नावावर असेपर्यंत, आणि तेही एवढ्याच दोषांपुरतं. खडा लागला म्हणालीस की गॅरेजवाला हात वर करणार. नाही लागला म्हणालीस की आम्ही करणार. एक पाय या दारात आणि एक त्या दारात ठेवता येत नाही.

तेव्हा आधी भेग सुरू कुठून झाली ते बघ. त्या जागी नख फिरव. नख अडकलं तर खड्याचा टवका आहे, म्हणजे विमा. अडकलं नाही तर वॉरंटी.

पॉलिसीचं चौथं पान काढ. टवका उडाल्या उडाल्या दाखवला तर तो भरून मिळतो. फुकट. पुढच्या हप्त्यातल्या सवलतीलाही धक्का लागत नाही. अर्ध्या तासाचं काम. लोकांना माहीतच नसतं, नुसते फिरवत बसतात आणि मग सगळी काच जाते. आता भेगच पळाली म्हटल्यावर पूर्ण काच, आणि त्यातला ठरलेला वाटा आपला. बाकी कंपनी देते. घाबरू नकोस, रोज अशा दहा काचा माझ्या टेबलावरून जातात.

दादाला म्हणावं जेवत जा. काच पोटात जात नाही.

ठमी


१३ मार्च

वन्सं,

पत्र तीनदा वाचलं. चौथं पानही काढलं. खरंच लिहिलंय तिथं, बारीक अक्षरात. मी पहिल्या पानाच्या पुढं कधी गेलेच नव्हते.

नख फिरवून बघितलं नाही. भेग सुरू होते तिथं कोपऱ्यात देवाचं चित्र चिकटवलेलं आहे, बाहेरून. देवाला नखानं कसं खरवडू? ह्यांनी क्लेमचा फॉर्म भरून टाकला आहे, 'चार मार्च, पहाटे, खडीच्या ट्रकमधून खडा लागला' असा. तुमच्या इथल्या शाखेकडून फोन आला होता, गुरुवारी, एकवीस तारखेला सर्व्हेअर येणार.

एक वेगळंच विचारते. आमच्या शेजारच्या बाईंचं असंच झालंय. त्यांच्या गाडीला टवका आधीपासून होता म्हणे, चारपाच महिने. मग मोठी भेग पडली. आता त्या जुन्या टवक्याबद्दल बोलल्याच नाहीत तर चालतं का? भेग तर खरीच आहे ना? बिचाऱ्या विचारत होत्या.

हे बरे आहेत. पाठ धरली आहे. भाड्याच्या गाडीची सीट खाली बसलेली आहे, खाली उशी घेऊन चालवतात.

वहिनी


१६ मार्च

वहिनी,

तुझ्या शेजारच्या बाईंकडं सायकल आहे. जानेवारीत मी तिच्यावर आपटून गुडघा फोडून घेतला होता, विसरलीस वाटतं.

तेव्हा सरळ बोलू. टवका आपल्या गाडीला आधीपासून होता आणि दादानं फॉर्मवर खडा चार तारखेचा लिहिला. असंच ना? वीस वर्षं मी हे बघतेय गं. माणसं चांगली असतात, घरी पूजाअर्चा करतात, आणि फॉर्म पुढं आला की तारीख सरकवतात. "दोन महिन्यांनी काय बिघडतं मॅडम?" बिघडतं. खोटं सापडलं तर नुसता क्लेम जात नाही, पॉलिसी रद्द होते, नाव यादीत जातं. मग दुसरी कंपनीही दारात उभी करत नाही, आणि विमा नसलेल्या गाडीत हॉस्पिटल पेशंट बसवत नाही.

पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. दादाचं वाटलं. शाळेत माझी प्रगतीपुस्तकावरची सही खोटी निघाली तेव्हा मला हाताला धरून मास्तरांपुढं नेणारा हाच माणूस. त्याला एवढं सांग, बहिणीनं विचारलंय म्हणून सांग, की तुझा हात कसा चालला?

तू मधल्यामधे भरडली गेलीस, याचंही वाईट वाटतं.

ठमी


१८ मार्च

वन्सं,

ह्यांना काही बोलू नका. मनातही आणू नका. ह्यांनी खोटं लिहिलेलं नाही.

टवका ह्यांना माहीतच नाही. गाडी रोज मी पुसते, ते पहाटे निघायच्या आधी. ऑक्टोबरात एकदा फडकं अडकलं. बघते तर डाळीच्या दाण्याएवढा टवका. ह्यांना सांगितलं असतं तर त्याच दिवशी गाडी गॅरेजला लावली असती, ह्यांचं सगळं असं टोकाचं. एक दिवसाची फेरी बुडणार, वर गॅरेजवाला मागेल ते देणार. म्हटलं एवढ्याशा टवक्यानं काय होतंय. घरात देवाचं एक चित्र होतं, प्लॅस्टिकचं, चिकटवायचं, कुणीतरी दिलेलं. ते बरोबर त्याच्यावर बसलं.

हे म्हणाले, "बाहेरून का लावलंस?" मी म्हटलं, "देवानं रस्ता बघावा, आपल्याकडं काय बघायचंय."

वन्सं, हे इतके खूश झाले. त्या दिवसापासून रोज त्या चित्रावर हात ठेवतात आणि मगच गाडी सुरू करतात. मी खिडकीतून बघते. पाच महिने बघतेय.

आणि तुम्ही फुकट भरून मिळतो असं लिहिलंत. अर्ध्या तासाचं काम. ते वाचल्यापासून भाकरी थापताना, जप करताना, तेवढंच डोक्यात. जप तर मोजताच येत नाही, मध्येच हरवतो.

अजून एक आहे. जानेवारीत जुन्या पॉलिसीची मुदत उलटून चार दिवस झाले होते. एजंटाचे पैसे वाचावेत म्हणून मीच ह्यांना म्हटलं होतं, थांबा, वन्सं येतायत, त्या करतील. मग उशीर झाला म्हणून गाडी तपासायला लागली. तुम्ही ओट्याशी येऊन विचारलंत, "वहिनी, काही मोडतोड?" मी पाठमोरीच म्हटलं, "काही नाही."

गुरुवारी सर्व्हेअर येणार. मी गप्प राहिले तर ह्यांचा करार वाचेल, पण ह्यांची सही खोट्यावर राहील आणि ह्यांना ते कळणारही नाही. बोलले तर काम जाईल. देवाला विचारलं, तो काही बोलत नाही. बहुतेक चित्र काढेपर्यंत बोलणारही नाही. तुमचं उत्तर गुरुवारच्या आत येईल असं वाटत नाही, तरी लिहा.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

दुप्पट पैसे भरून हे पाकीट पाठवतेय. फोन तीनदा हातात घेतला, पण उचलला असता दादानंच, आणि त्याच्याशी हवापाण्याचं बोलून मी तुला काय सांगणार होते?

आधी दादाची माफी मागते. त्याला कळणार नाही, तरी मागते.

आता ऐक. गप्प राहा.

मुदत उलटल्यामुळं जानेवारीची पॉलिसी नवी धरली जाते. तिच्या आधीचा टवका तिच्यात बसतच नाही. तू बोललीस की क्लेम संपला. तो सर्व्हेअर मला माहीत आहे, दिवसाला दहाबारा गाड्या करतो, दुपारनंतर त्याला गाडी आणि म्हैस यांतला फरक कळत नाही. भेगेचा फोटो काढेल, सही घेईल, जाईल. चित्राला हात लावणार नाही. कुणीच लावत नाही.

मीही लावला नव्हता. जानेवारीच्या पाहणीच्या कागदावर 'समोरची काच: निर्दोष' यापुढं खूण माझी आहे. खाली सही माझी. आपल्या माणसाच्या गाडीची पाहणी स्वतः करायची नसते, हा नियम मी नव्या पोरींना शिकवते. पण दादाचीच गाडी, तू म्हणालीस काही नाही, बाहेर ऊन, हातात चहा. अंगणात उभं राहून दोन फोटो काढले. एकात चित्र छान आलंय.

हे मी तुझ्यासाठी लिहितेय की माझ्यासाठी, ते मला विचारू नकोस.

ठमी


२४ मार्च

वन्सं,

तुमचं पाकीट शुक्रवारी दुपारी मिळालं. गुरुवारी मी बोलून मोकळी झाले होते.

तुम्ही म्हणालात तसेच होते ते सर्व्हेअर. आले तेच घाम पुसत. पाणी मागितलं, दोन पेले प्याले. चित्राकडं बोट करून म्हणाले, "याच्याखालून निघालीय का भेग?"

हे म्हणाले, "हो, पण काढायला लागेल का? देव आहे, राहू दे."

"राहू द्या, राहू द्या. भेग दिसतेय, पुरे." त्यांनी फोटो काढले, बॉनेटवरच कागद ठेवून लिहायला लागले. लिहिता लिहिता विचारलं, वर न बघता, "जुनी काही खूण, टवका वगैरे नव्हता ना?"

"छे हो," हे म्हणाले. "माझी गाडी मला माहीत नाही? तळहातासारखी माहीत आहे." आणि खिशातून पेन काढलं.

ते पेन बघून माझ्या तोंडातून निघून गेलं, "होता."

हे हसले. सर्व्हेअरना म्हणाले, "हिला काय कळतंय गाडीतलं. जा गं, चहा टाक."

मी चहा टाकला नाही. आत जाऊन कोमट पाणी आणि फडकं आणलं. हे म्हणतायत, "अगं काय करतेस, अगं वेडी झालीस का," आणि मी कड भिजवत बसले. सर्व्हेअर ब्लेड देत होते, घेतलं नाही. चित्र अर्धं फाटलं. खाली टवका, त्यात पाच महिन्यांचा काळा मळ. सर्व्हेअरनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताजा असता तर पांढरा असता." त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं ना वन्सं, जसं खोटं बोलणाऱ्याकडं बघतात तसं, ते मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "त्यांना माहीत नव्हतं. मी झाकला होता. ऑक्टोबरात. असं लिहा, माझ्या तोंडचं म्हणून लिहा."

त्यांनी आधी लिहिलेली ओळ खोडली. मग म्हणाले, "बाई, मी जाणारच होतो हो."

ह्यांनी फॉर्ममधली तारीख खोडली, खोडल्यावर सही केली. सर्व्हेअर गेल्यावर त्यांनी फाटकं चित्र माझ्या हातातून घेतलं, पुसलं आणि आत नेऊन देवांपाशी ठेवलं. तेव्हापासून माझ्याशी 'पाणी', 'दार लाव', एवढंच.

हे झालं माझं. त्याचं काही वाटत नाही, ते माझ्याच करणीनं आलं. पण शुक्रवारी तुमचं पाकीट उघडलं. तुमच्या सहीचं मला माहीत असतं तर? खरं सांगते, बोलले असते की नाही, मला ठाऊक नाही. मला वाटत होतं मी फक्त आपलं घर पणाला लावतेय. तुमच्याकडं कुणी काही विचारलं का? दोन ओळी तरी लिहा. शिव्या दिल्यात तरी चालेल, पण लिहा.

वहिनी


६ एप्रिल

वहिनी,

शिव्या सुचत नाहीत. वीस वर्षं लोकांच्या ऐकून घेतल्या, आपल्या कधी साठल्याच नाहीत.

क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. नामंजूर, पण पॉलिसी रद्द नाही आणि दादाचं नाव कुठल्याही यादीत नाही. सर्व्हेअरनं अहवालात लिहिलंय, 'मालकाने फॉर्ममधील तारखेची दुरुस्ती स्वतःहून केली.' एवढं तुझ्या बोलण्यानं वाचलं. मी सांगितलं होतं तसं वागली असतीस आणि पुढं कधी उघड झालं असतं, तर हेही राहिलं नसतं. हे लिहायला मला आठ दिवस लागले.

अहवाल मुख्य कार्यालयात गेला, तिथं जानेवारीची पाहणी निघाली. साहेबांनी बोलावलं. दोन्ही फोटो टेबलावर. म्हणाले, "मॅडम, तुम्ही? तुम्हीच?" चौकशी संपेपर्यंत घरी बसायला सांगितलंय. दोन महिने तरी जातील. नोकरी जाईलसं वाटत नाही, पण क्लेमचं टेबल गेलं. त्या टेबलाचा ड्रॉवर मी परवा रिकामा केला. त्यात काय निघावं? डोकेदुखीच्या गोळ्या आणि दुसऱ्यांची पेनं.

इथं चार भिंतींत बसवत नाही. रविवारी, चौदा तारखेला, सकाळच्या बसनं येतेय. थोडे दिवस राहीन. दादाला चौकशीचं सांगू नकोस, रजा घेतलीय म्हण.

वरची ओळ लिहून झाली आणि पेन हातातच राहिलं. आपण दोघी कधी शिकणार गं? खोडत नाही, तशीच ठेवते. सांग त्याला. किंवा ही सगळी पत्रंच दे त्याच्या हातात, मला तोंडानं सांगायचं बळ नाही.

ठमी


१० एप्रिल

ठमे,

मला पत्र लिहिता येत नाही, तुला माहीत आहे.

सगळी पत्रं हिनं माझ्यापुढं आणून ठेवली. तुझी आणि तिची. तिची कशी, तर लिहून झाल्यावर ती नक्कल काढून ठेवते. मला हेही माहीत नव्हतं. दोन दुपारी वाचत होतो.

करार दुसऱ्याला गेला. कारकून चांगला माणूस, त्यानं मला हॉस्पिटलच्या व्हॅनवर बदली ड्रायव्हर म्हणून घेतलंय. पेशंट तेच आहेत. काच मागवली आहे, हिच्या ठेवीतून. ती म्हणाली घ्या, मी घेतली.

तू हिला गप्प राहा लिहिलंस. हिनं मला विचारलं असतं तर मीही तुला वाचवायला तेच म्हटलं असतं, आणि मास्तरांपुढं नेल्याची गोष्ट सगळ्यांना सांगत फिरलो असतो. तेव्हा तू माझी माफी मागू नकोस.

एवढंच कळत नाही की माझ्यापासून झाकायचं दोघींनाही का सुचलं. आठ पत्रांत ते कुणीच लिहिलेलं नाही. मी इतका ओरडतो का? हिला विचारलं. ती म्हणाली, "नाही हो, तुम्ही लगेच खर्च करता." मग पहिल्यांदा हसली. मीही हसलो असेन.

रविवारी स्टँडवर येतो. गाडी गॅरेजमध्ये आहे, घरापर्यंत चालतच यायचंय आणि माझी पाठ अजून नीट नाही. सामान कमी आण.

दादा